कंपवाताच्या रुग्णाची रात्र आणि त्याचे अंथरूण

दिवसभर शेतात राबलेल्या माणसाने पाठ टेकली की त्याला झोप लागते. झोपेत तो कितीतरी वेळा या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, पाय जवळ घेतो, पांघरूण सारखे करतो. सकाळी त्यातले त्याला काहीही आठवत नाही. कूस बदलणे हे एक काम आहे, त्यालाही शक्ती आणि युक्ती लागते, हे आपल्याला कधी जाणवतच नाही. ते जाणवते कंपवात झालेल्या माणसाला.

खानापूर तालुक्यातील एका भातशेती करणाऱ्या घरातली ही हकिकत आहे. घरातले वडील सत्तरीचे. हात थरथरू लागले, चाल मंदावली, अक्षर बारीक झाले, तेव्हा डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले आणि गोळ्या सुरू झाल्या. दिवस बरा जाऊ लागला. रात्री मात्र ते सुतळीच्या जुन्या बाजेवर झोपत. एका रात्री लघवीसाठी उठताना तोल गेला आणि मनगट मोडले. गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाला वाईट वाटले. त्याने पुढच्या सुट्टीत चांगला पलंग आणि नऊ इंच जाडीची मऊ फोमची गादी आणून दिली. सारे घर समाधान पावले.

पण महिन्याभरात सुनेच्या ध्यानात एक गोष्ट आली. दुपारी चारनंतर मामंजी पाण्याला तोंड लावीत नव्हते. चहासुद्धा नको म्हणत. तिने विचारले, "मामंजी, पाणी का पीत नाही?"

ते म्हणाले, "रात्री उठायला लागतं गं. त्या गादीतून मला हलताच येत नाही. चिखलात रुतलेल्या बैलासारखी गत होते."

"मग मला हाक का मारत नाही?"

"तू चारला धार काढायला उठतेस. तुला दोनला कशाला उठवू?"

मुलाने प्रेमाने आणलेल्या गादीने बापाला रात्रभर जखडून टाकले होते, आणि मुलाचे मन दुखू नये म्हणून बाप बोलत नव्हता. वर पाणी कमी प्याल्याने बद्धकोष्ठ वाढला होता आणि उठताना चक्करही येऊ लागली होती. चूक कोणाचीच नव्हती. रुग्णाला रात्री काय होते हे न पाहता गादी आणली गेली, एवढेच. म्हणून आधी तेच पाहू.

रात्री रुग्णाला काय होते?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. त्यांचे नाव रोगाला पडले. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे आणि ती सुरळीत चालू ठेवणे या द्रव्यावर अवलंबून असते. त्या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की शरीर ताठरते, हालचाल मंदावते, आणि पुष्कळांचे हात थरथरतात. रोग समूळ बरा करणारे औषध अजून नाही. पण लेव्होडोपाच्या गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते.

या गोळीचा अंमल काही तासच टिकतो. रात्री आठ-नऊला घेतलेल्या गोळीचा जोर मध्यरात्रीनंतर ओसरतो. म्हणून दिवसा स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत चालत जाणारा माणूस रात्री तीन वाजता ओंडक्यासारखा पडून राहतो. घरच्यांना वाटते, हे सोंग आहे की काय! ते सोंग नव्हे. दिवसाचा माणूस आणि रात्रीचा माणूस एकच असला तरी त्याच्या अंगातले औषध सारखे नसते.

यात आणखी भर पडते. रात्री लघवीला वारंवार होते. अंथरुणातून उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काहींना घाम फुटतो, पायांत पेटके येतात, तोंडातून लाळ गळते. काही रुग्ण झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडतात, ओरडतात, शेजारी झोपलेल्याला लाथ मारतात. या निद्राविकाराचे वर्णन १९८६ साली अमेरिकेतील शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी केले. तो कधी कधी हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू लागतो.

तेव्हा अंथरुणाकडून आपल्याला चार कामे करून घ्यायची आहेत: कूस बदलता यावी, उठून बसता यावे, पडण्याचा धोका टळावा, आणि कातडी शाबूत राहावी. कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती या चार कसोट्यांवर घासून पाहावी.

पलंग किती उंच असावा?

ठरीव माप नाही. माप रुग्णाच्या पायाचे घ्यायचे. रुग्णाला पलंगाच्या कडेवर बसवावे. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, आणि गुडघे कमरेच्या पातळीत किंवा तिच्यापेक्षा किंचित खाली असले पाहिजेत. बहुतेक प्रौढ माणसांना गादी धरून १८ ते २० इंच उंची सोयीची पडते. बुटक्या आजीबाईंना १७ इंचही पुरतील. बसल्यावर गादी दबते, म्हणून माप नेहमी रुग्ण बसलेला असताना घ्यावे. रिकाम्या पलंगाचे माप फसवे असते.

पलंग ठेंगणा असला तर गुडघे छातीकडे येतात आणि उठायला दुप्पट जोर लागतो. फार उंच असला तर पाय लोंबकळतात आणि माणूस कडेवरून घसरतो. जमिनीवरच्या चटईवरून किंवा अंथरुणावरून उठणे तर या रुग्णाला सर्वांत अवघड. "आमचे बाबा जन्मभर खालीच झोपले," असे म्हणून हट्ट धरू नये.

ठेंगणा पलंग टाकून द्यायचे कारण नाही. सुताराकडून जाड लाकडाचे चार ठोकळे करून घ्यावेत. प्रत्येक ठोकळ्याला वरून दोन इंच खोल खाच असावी, म्हणजे पाय त्यात घट्ट बसेल. नुसत्या विटा ठेवू नयेत. त्या सरकतात आणि पलंग एका बाजूला कलंडतो. गुळगुळीत फरशी असेल तर ठोकळ्याखाली रबराचा तुकडा चिकटवावा. पलंगाला चाके असतील तर ती काढून टाकावीत किंवा कायम अडकवून ठेवावीत.

रुंदीही महत्त्वाची आहे. कूस बदलताना कंबर आधी एका बाजूला सरकवावी लागते. तीन फुटांच्या अरुंद खाटेवर वळले की माणूस थेट कडेवर येतो, आणि पडण्याच्या भीतीने वळणेच सोडून देतो. साडेतीन ते चार फूट रुंदी असली तर बरे.

सुतळीची बाज आणि नवारीची खाट हवेशीर खरी. ग्वाल्हेर-इंदूरकडे आणि हैदराबादेकडे उन्हाळ्यात ती अंगणात टाकून झोपण्याची जुनी वहिवाट आहे. पण तिला मध्ये झोळ पडतो. झोळात पडलेल्या रुग्णाला कुशीवर वळणे म्हणजे चढ चढण्यासारखे आहे. शिवाय बाजेचा कडेचा दांडा मांडीला रुततो. कंपवाताच्या रुग्णासाठी सपाट फळ्यांचा पलंगच योग्य.

गादी कशी निवडावी?

गादी घट्ट असावी, पण दगडासारखी नसावी. फार मऊ गादीत अंग रुतते. खड्ड्यातून वर येण्यासाठी जो जोर लागतो तो या रुग्णापाशी नसतो. फार कठीण गादीवर टाच, माकडहाड, कंबरेचे हाड यांवर सारखा दाब पडतो आणि तिथली कातडी लाल होऊन जखम होते.

पारखण्याची सोपी रीत अशी. रुग्णाला दुकानात नेता आले तर न्यावे आणि चपला काढून गादीवर झोपायला सांगावे. लाजू नये. कोणी हात न लावता त्याला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळू द्यावे. मग कडेवर बसू द्यावे. बसल्यावर कड दबून तो पुढे घसरत असेल तर ती गादी घेऊ नये.

काथ्याची रबर लावलेली गादी घट्ट असते आणि तिची कडही टिकते. तिच्यावर एक-दोन इंचांचा घट्ट फोमचा थर असला तर हाडांना आराम मिळतो. कापसाची गादी आपल्या घरोघरी असते. नवी पिंजलेली असताना ती चांगली, पण वर्षभरात गोळे होऊन मध्ये खळगा पडतो. पिंजाऱ्याकडून दरवर्षी पिंजून, घट्ट भरून, जवळजवळ टाके घालून घ्यावी. सावरीच्या कापसाची गादी फार मऊ होते. ती उशीपुरतीच ठेवावी. गोव्यात आणि खानापूरच्या पावसात कापसाची गादी दमट होऊन जड पडते आणि तिला बुरशीचा वास येतो. पावसाळ्यापूर्वी तिला कडक ऊन द्यावे, आणि पावसात फळ्यांच्या फटीतून हवा खेळेल असे पाहावे.

हवा भरलेली गादी दुकानदार आग्रहाने दाखवतात. जो रुग्ण स्वतः अजिबात हलू शकत नाही आणि ज्याला शय्याव्रणाचा धोका आहे, त्याच्यासाठी ती उपयोगी आहे. जो अजून स्वतः वळू शकतो त्याच्यासाठी ती नको. डळमळत्या गादीवर वळणे अधिकच कठीण होते.

खालची चादर: थोडक्या पैशांतली युक्ती

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी गोष्ट सांगतो. सुती चादर आणि सुती कपडे एकमेकांना धरून ठेवतात. निरोगी माणसाला हे घर्षण जाणवत नाही; कंपवाताच्या रुग्णाला ते गोंदासारखे वाटते. म्हणून सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडाचा एक पट्टा घ्यावा आणि तो चादरीवर आडवा, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल असा अंथरावा. दोन्ही बाजूंची टोके गादीखाली खोल खोचावीत, म्हणजे तो गोळा होणार नाही. या पट्ट्यावर कंबर सहज सरकते.

पण पुढची अट लक्षात ठेवावी. पायथ्याकडचा भाग सुतीच असावा. वळताना टाचा रोवून जोर द्यावा लागतो. तिथेही गुळगुळीत कापड आले तर पाय निसटतात. तसेच पलंगाच्या कडेवर, जिथे बसून उठायचे तिथे, सॅटिन येऊ देऊ नये. आणि गुळगुळीत चादर व गुळगुळीत कपडे दोन्ही एकदम वापरू नयेत. दोहोंपैकी एकच निवडावे. नाहीतर माणूस उठून बसताना साबणासारखा खाली सरकेल.

कपड्यांचेही असेच आहे. लुंगी पायांत गुंडाळते आणि उठताना पायाखाली येते. साडी नेसून झोपणाऱ्या आजींच्या निऱ्यांचा गोळा होतो आणि कूस बदलूच देत नाही. मऊ, सैल, घोट्याच्या वर राहणारा पायजमा बरा. गाऊन असला तर तो गुडघ्याच्या थोडा खालपर्यंतच असावा.

लघवीची भीती असली तर गादीवर मेणकापड किंवा रबरी कापड घालावे, पण ते अंगाला थेट लागू देऊ नये. त्यावर सुती कापडाची घडी ताणून घालावी. रबरावर घाम साचतो आणि सुरकुतीमुळे कातडी सोलते.

पांघरूण आणि उशी

आपल्याकडची वाकळ किंवा गोधडी ऊबदार असते, तिच्यात आईच्या हाताचे टाके असतात. पण ती जड असते. ग्वाल्हेरच्या थंडीतली कापूस भरलेली रजई तर त्याहून जड. अशा पांघरुणाखाली रुग्णाला पाय उचलता येत नाहीत. त्याऐवजी एक हलकी लोकरीची शाल किंवा हलकी रजई द्यावी. थंडी जास्त असेल तर दोन हलकी पांघरुणे घालावीत, म्हणजे घाम आल्यावर एक बाजूला करता येते. खरखरीत घोंगडी अंगाला धरते. तिच्याखाली पातळ गुळगुळीत चादर घालावी.

पांघरुणाचा पायथा गादीखाली कधीही खोचू नये. खोचलेले पांघरूण पायांवर ताणून बसते आणि रुग्ण पिशवीत बांधल्यासारखा होतो. मोकळेच सोडावे.

गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करावे आणि रुग्ण झोपण्यापूर्वी ती काढून घ्यावी. पाय चटकन बाजूला घेता येत नाही म्हणून पोळण्याची भीती असते.

उशी एकच, बेताच्या उंचीची असावी. या रोगात मान पुढे वाकते. दोन-तीन उशा रचल्या की वाक वाढतो आणि गिळणेही अवघड होते. कुशीवर झोपल्यावर गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी ठेवली तर कंबरेला आराम पडतो आणि हाडावर हाड घासत नाही.

उशाकडची बाजू उंच करावी काय?

उभे राहिल्यावर ज्यांचा रक्तदाब उतरतो त्यांना डॉक्टर पलंगाच्या उशाकडचे दोन पाय ४ ते ६ इंच उंच करायला सांगतात. याने रात्रीची लघवीही काहीशी कमी होते. नुसत्या उशा वाढवून हे साधत नाही. संपूर्ण पलंगच तिरपा करावा लागतो. पण तिरप्या पलंगावर गुळगुळीत पट्टा घातला तर रुग्ण रात्रीतून पायथ्याकडे घसरत जातो. अशा वेळी कोणता त्रास मोठा आहे ते ठरवावे. चक्कर मोठी असेल तर पलंग तिरपा ठेवून पट्टा अरुंद करावा, फक्त कंबरेखाली येईल एवढाच. वळता न येणे हाच मुख्य त्रास असेल आणि चक्कर येत नसेल, तर पलंग सपाट ठेवावा. एकाला लागू पडलेली गोष्ट दुसऱ्याला तशीच लागू पडेल असे नाही.

धरायला काय द्यावे?

पलंगाच्या पूर्ण लांबीचा उंच कठडा लावला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, असे आपल्याला वाटते. हे खरे नाही. गोंधळलेला रुग्ण कठडा ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. कठडा आणि गादी यांच्या फटीत हात, मान किंवा छाती अडकून माणसे दगावली आहेत. त्यापेक्षा खांद्याजवळ, पलंगाच्या चौकटीला पक्का बसवलेला हातभर उंचीचा एकच धरदांडा पुष्कळ कामाचा. लाकडी किंवा लोखंडी कोणताही चालेल, पण त्याच्यात आणि गादीत मूठ जाण्याइतकीही फट नसावी, आणि पूर्ण भार टाकला तरी तो हलता कामा नये.

पायथ्याला बांधलेला जाड दोर, त्याला वीतभर अंतरावर गाठी, ही बैलगाडीच्या दोराइतकीच साधी वस्तू आहे. तो धरून एकेक गाठ पुढे सरकत रुग्णाला उठून बसता येते. मात्र झोपताना दोर बाजूला लोंबत ठेवावा. छातीवर किंवा गळ्याजवळ येऊ देऊ नये.

वळण्याची आणि उठण्याची रीत

चांगल्या अंथरुणाला चांगली रीत जोडली पाहिजे. या रोगात एकदम करायची हालचाल जमत नाही; तिचे तुकडे केले की जमते. पाठीवर असलेल्या रुग्णाने आधी दोन्ही गुडघे वर घ्यावेत आणि तळवे गादीवर टेकावेत. मग ज्या बाजूला वळायचे तिकडे डोके फिरवावे. मग दुसऱ्या बाजूचा हात छातीवरून त्याच बाजूला न्यावा. शेवटी गुडघे त्या बाजूला पाडावेत. कंबर आपोआप मागून येते. मनातल्या मनात "एक, दोन, तीन" म्हणत केले तर अधिक सोपे जाते.

उठण्यासाठी कुशीवर येऊन पाय कडेबाहेर सोडावेत आणि कोपर व हाताने गादी रेटावी. बसल्यावर लगेच उभे राहू नये. एक-दोन मिनिटे बसून पावले वरखाली हलवावीत आणि मगच उभे राहावे. मदत करणाऱ्याने हात धरून हिसका देऊ नये. काखेत हात घालून उचलू नये. खांद्यामागे एक हात आणि गुडघ्यांवर दुसरा ठेवून हलकेच वळवावे. दिवसा, औषधाचा अंमल असताना, हा सराव रोज दोन-चार वेळा करावा.

पलंगाच्या आजूबाजूला

मच्छरदाणीवाचून आपल्याकडे भागत नाही. हिवताप, डेंग्यू यांची भीती आहे. पण चारही बाजूंनी खोचलेल्या जाळीतून घाईने उठताना रुग्ण गुरफटून पडतो. खिडक्यांना जाळी बसवता आली तर उत्तम. नाहीतर उतरण्याच्या बाजूची कड खोचण्याऐवजी तिला शिसाचे किंवा वाळूचे लांबट वजन शिवून सोडावी. हाताने सारली की ती बाजूला होते.

पलंग भिंतीला लावायचा असेल तर उतरण्याची बाजू रुग्णाच्या बळकट हाताकडे यावी. त्या बाजूला तीन फूट जागा मोकळी असावी. जमिनीवर चटई, गोणपाट, विजेची वायर काही नको. रात्रभर मंद दिवा असावा. अंधारात या रुग्णाचे पाय जागीच थिजतात. शौचालय अंगणापलीकडे असेल तर पलंगाशेजारी कमोडची जड खुर्ची आणि पुरुषांसाठी लघवीचे भांडे ठेवावे. हाताशी पाण्याचा पेला आणि एक घंटी असावी. कंपवातात आवाज बारीक होतो. हाक दुसऱ्या खोलीत पोहोचत नाही. गुरांच्या गळ्यातली जुनी घंटासुद्धा चालेल.

जो रुग्ण झोपेत हातपाय झाडतो त्याच्या पलंगाजवळ कोयता, विळा, कंदील, काचेचे सामान ठेवू नये. शेतकऱ्याच्या घरात ही हत्यारे पुष्कळदा खाटेखालीच असतात. ती आजच दुसरीकडे हलवावीत. उतरण्याच्या बाजूला रात्रीपुरती जुनी गादी जमिनीवर टाकावी आणि कोणी त्याच्याबरोबर चालत जाण्यापूर्वी ती उचलावी. जोडीदाराने काही दिवस वेगळे झोपण्यात कमीपणा मानू नये. डॉक्टरांना हा त्रास जरूर सांगावा. त्यावर औषध आहे.

अंथरुणाने भागत नाही तेव्हा

अंथरूण कितीही चांगले असले तरी औषध चुकीच्या वेळी असेल तर रात्र अवघड जाते. रुग्ण किती वाजता जखडतो, किती वेळा उठतो, हे आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. रात्री अधिक वेळ टिकणारी गोळी देता येते. आपल्या मनाने गोळी वाढवू नये आणि एकाएकी बंद तर मुळीच करू नये; ते जिवावर बेतू शकते. आपल्या कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे आहे. पण म्हणूनच ती पूड गोळ्यांच्या जोडीला स्वतःहून घेणे धोक्याचे. एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच कळत नाही.

शेतकरी बांधवांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. पॅराक्वॅटसारख्या काही तणनाशक व कीटकनाशक औषधांशी सतत संबंध येणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. फवारताना हातमोजे, तोंडाला पट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नंतर आंघोळ, हे नियम घरातल्या तरुणांनी आजपासून पाळावेत.

जो रुग्ण स्वतः वळूच शकत नाही त्याला घरच्यांनी साधारण दर दोन तासांनी वळवावे, आणि रोज टाचा, माकडहाड, कंबरेची हाडे, कोपरे पाहावीत. बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण आहे. तिथे चोळू नये. दाब काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. बेंगळुरूची निमहान्स संस्था आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार होतात. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी मराठीतून काम करते.

आता पहिल्या घराकडे वळू. सुनेने मुलाला सारे सांगितले. तो आधी हिरमुसला, मग हसला. मऊ गादी मुलांच्या खोलीत गेली. पलंगावर काथ्याची गादी आली, सुताराने धरदांडा बसवला, आणि सासूबाईंच्या जुन्या सॅटिनच्या परकराचा पट्टा शिवून झाला. सारा खर्च फोमच्या गादीच्या निम्म्याहून कमी. रोग गेला नाही. अजूनही काही रात्री ते अडकतात आणि घंटा वाजते. पण पहिल्या रात्री ते आपले आपण भिंतीकडे वळले, आणि सकाळी सुनेला ते सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. संध्याकाळचा चहा ते आता पुन्हा घेतात.

आपल्या घरी किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर दुकानात जाण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "रात्री तुम्हाला काय त्रास होतो?" आणि तो "काही नाही" म्हणाला, तर आणखी एकदा विचारा.